ब्रॉयलरच्या खाद्यात हळद, लसूण, ओवा, शेवगा: वजन किती वाढतं, खर्च किती होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: सिन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. बरीच वर्षं कंपनीच्या करारावर बॅच काढल्या, आता दोन बॅचपासून खाद्य स्वतःचं आणि विक्रीही स्वतःची. शेजारच्या गावात एकजण हळद, लसूण, शेवग्याचा पाला आणि कडुनिंब देऊन पक्ष्यामागे दोनशे ग्रॅम जास्त काढतो, असं ऐकलंय. तर यातलं काय द्यावं, किती, कितव्या दिवसापासून, आणि मग अँटिबायोटिक पूर्ण बंद करता येईल का?

दादा, आधी त्या दोनशे ग्रॅमचं बघू. दोन किलो शंभर ग्रॅमच्या पक्ष्यात दोनशे ग्रॅम म्हणजे जवळजवळ दहा टक्के झाले. नीट चाललेल्या शेडमध्ये कुठलाही पाला, मसाला किंवा बाटली दहा टक्के वजन वाढवत नाही. चांगल्या चाचण्यांत वनस्पतीजन्य पूरकांनी फरक पडलेला दिसतो तेव्हा तो बहुधा दोन ते पाच टक्क्यांचा असतो, आणि बऱ्याच चाचण्यांत काहीच पडत नाही. तुमच्या शेजाऱ्याला खरोखर दोनशे ग्रॅम मिळाले असतील, तर त्याच्या आधीच्या बॅचमध्येच कुठेतरी दोनशे ग्रॅम गळत होते. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालंय, एवढंच.

वजन पक्ष्याच्या जातीत असतं आणि खाद्यात असतं. (हार्मोनच्या इंजेक्शनची अफवा अजून लोक मला लग्नाच्या पंगतीत विचारतात. पाच हजार पिल्लांना रोज टोचायला माणसं कुठून आणायची, असं मी उलट विचारतो.) पूरक वजन निर्माण करत नाही. आतड्यात, उन्हात किंवा बुरशीच्या विषात जे वजन वाया जात असतं, त्यातलं थोडं वाचवतं. म्हणून जिथे गळती मोठी, तिथे पूरकाचा फरक मोठा दिसतो आणि स्वच्छ, शिस्तीच्या शेडमध्ये तो दिसतच नाही.

अँटिबायोटिकचंही तेच होतं. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे बी-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक तयार करताना उरलेला चोथा पिल्लांच्या खाद्यात घातला तेव्हा पिल्लं बी-१२ च्या हिशोबापेक्षा जास्त वाढली. तिथून खाद्यातल्या अँटिबायोटिकची प्रथा सुरू झाली. पुढे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना तीच औषधं देऊन पाहिली, तर वाढीत फरक पडेना. म्हणजे औषध पक्ष्याला वाढवत नव्हतं, आतड्यातल्या जंतूंचा जाच कमी करत होतं. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठीची अँटिबायोटिक्स बंद केली, अमेरिकेने माणसाच्या उपचारात महत्त्वाच्या असलेल्या औषधांपुरती २०१७ पासून. आपल्याकडे २०१९ च्या जुलैत कोंबड्या-जनावरांसाठी कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर बंदी आली. ती जागा भरायला ओव्याचं सत्त्व, लसूण, हळद यांचा बाजार उभा राहिला. त्यामुळे या वस्तूंकडून अपेक्षाही तेवढीच ठेवायची: आतडं शांत ठेवणं.

आता एकेक वस्तू घेऊ. सगळ्यांवर सारखा वेळ घालवणार नाही, कारण सगळ्यांची लायकी सारखी नाही.

माझा सर्वांत जास्त विश्वास थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या दोन द्रव्यांवर आहे. परदेशात ती ओरेगॅनो आणि थाइमच्या तेलातून काढतात. थायमॉल आपल्या ओव्यातही भरपूर असतं. ही द्रव्यं जंतूच्या पेशीचं आवरण सैल करतात, आणि पचनरसही थोडे वाढवतात असं दिसतं. मग घरचा ओवाच दळून घालावा का? हिशोब करा. ओव्यात तेल साधारण दोन ते चार टक्के असतं आणि त्या तेलात थायमॉल अदमासे निम्मं. टनभर खाद्याला १०० ग्रॅम थायमॉल हवं असेल, तर सात किलोच्या आसपास ओवा लागतो. ओव्याचा किरकोळ भाव धरला तर टनामागे दीड हजार रुपये सहज जातात. शिवाय ओवा जुना असेल, उघड्या पोत्यात ठेवलेला असेल, तर तेल आधीच उडालेलं असतं. वासाचं तेल म्हणजे उडणारं तेल. खाद्य पेलेट करणार असाल तर ८० अंशांच्या वाफेत उरलेलंही जातं. म्हणून या बाबतीत मी घरगुती भुकटीच्या बाजूचा नाही. आवरण दिलेलं, सक्रिय द्रव्याचं प्रमाण पिशवीवर छापलेलं उत्पादन घ्या. ज्या पिशवीवर फक्त "दुर्मिळ वनौषधींचा संयोग" लिहिलंय आणि कुठल्या द्रव्याचं किती प्रमाण ते लिहिलेलं नाही, ती दुकानदाराला परत द्या.

हळदीबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण ती आपल्याकडे स्वस्त वाटते आणि तिचा खरा उपयोग लोक चुकीच्या जागी शोधतात. हळकुंडात कर्क्युमिन दोन ते पाच टक्के असतं. टनाला पाच किलो हळद घातली आणि कर्क्युमिन तीन टक्के धरलं, तर किलोभर खाद्यात दीडशे मिलिग्रॅम झालं. ते रक्तात फार कमी शोषलं जातं. माणसांवरच्या प्रयोगात काळ्या मिरीतल्या पिपरिनने शोषण कित्येक पटींनी वाढलेलं दिसलं, म्हणून लोक हळदीत मिरी घालायला सांगतात. पण आपल्याला कर्क्युमिन आतड्यात आणि यकृतातच हवं असतं, त्यामुळे मिरीवर पैसे घालायची मला घाई वाटत नाही. हळदीचं खरं काम मला दिसतं ते पावसाळ्यात, मका ओला आणि बुरशीचा असतो तेव्हा. अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताचं जे नुकसान होतं, ते हळद काही प्रमाणात कमी करते, आणि टॉक्सिन बाइंडर म्हणजे विष बांधून ठेवणाऱ्या पूरकासोबत दिली तर जास्त चांगलं, असं चाचण्यांमध्ये आढळलंय. जुलै ते ऑक्टोबर या काळात मी टनाला तीन ते पाच किलो सुचवतो. बाइंडरच्या जोडीला, त्याच्या बदल्यात नव्हे. आणि मक्यातला ओलावा १३ टक्क्यांच्या वर असेल तर तो मका आधी वाळवा. खाद्यात अफ्लाटॉक्सिन २० पीपीबीच्या (अब्जात वीस भागांच्या) वर असेल, तर सांगलीची सगळी हळद घातली तरी तिच्यावर भरवसा धरू नका.

हळद घेताना आणखी एक सावधगिरी बाळगा. बाजारातली फार चकचकीत पिवळी भुकटी घेऊ नका. रंगासाठी त्यात लेड क्रोमेट म्हणजे शिशाचं संयुग मिसळल्याचे प्रकार आहेत. शिसं पक्ष्यात जातं आणि पक्षी आपल्या ताटात येतो. हळकुंड आणा आणि समोर दळून घ्या. कणी आणि चुरा चालतो, तो स्वस्तही पडतो, फक्त बुरशी आणि माती नको.

आता पैशाचं बोलू. समजा खाद्य ४० रुपये किलो आणि एफसीआर (किलोभर वजनाला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) १.६०. म्हणजे किलो जिवंत वजनामागे खाद्याचा खर्च ६४ रुपये. हळद २०० रुपये किलोने टनाला पाच किलो घातली, तर खाद्य ४१ रुपयांना पडलं. ६४ रुपयांतच बसायचं असेल तर एफसीआर १.५६ यायला हवा. एवढी सुधारणा झाली तर तुम्ही फक्त बरोबरीत आलात, नफा त्यापुढे. पाच हजार पक्ष्यांना बॅचभर १६-१७ टन खाद्य लागतं, म्हणजे ही हळद सोळा-सतरा हजारांची झाली. हाच हिशोब प्रत्येक वस्तूला लावा. टनाला पाचशे ग्रॅम लागणारं आणि किलोला चारशे रुपये पडणारं सत्त्व टनामागे दोनशेचंच पडतं. त्याला एफसीआर १.५९ वर आणला की बरोबरी झाली. महाग दिसणारी पिशवी स्वस्त पडते, ती अशी.

भुकटी वरून भुरभुरण्याचा आणखी एक तोटा कुणी सांगत नाही. खाद्य तयार झाल्यावर वर दोन टक्के पाला टाकला की बाकी सगळं दोन टक्क्यांनी पातळ होतं. फिनिशरमध्ये (शेवटच्या टप्प्याच्या खाद्यात) किलोला ३१०० किलोकॅलरी असतील आणि पाल्यात ऊर्जा जवळपास नाहीच असं धरलं, तर साठेक किलोकॅलरी गेल्या. टनाच्या हिशोबात ती सात किलो तेलाची ऊर्जा होते. म्हणजे एका हाताने औषध दिलं आणि दुसऱ्या हाताने तेल काढून घेतलं. काही घालायचंच तर फॉर्म्युला बनवतानाच घाला.

शेवगा नेमका इथेच अडतो. वाळलेल्या पाल्यात प्रथिनं पंचवीस टक्क्यांच्या पुढे असतात, हे खरं. त्या आकड्यावरच सगळे भुलतात. पण तंतू जास्त, ऊर्जा कमी, आणि ब्रॉयलरचं आतडं लहान. त्याला चाळीस दिवसांत दोन किलो गाठायचे असतात, पाला चघळत बसायला सवड नाही. प्रमाण पाच टक्क्यांच्या वर गेलं की वाढ मागे पडण्याची शक्यताच जास्त. आणि पाच टक्क्यांचं गणित तरी करा: बॅचला आठशे किलोच्या वर भुकटी, म्हणजे पावणेचार टनांच्या आसपास ओला पाला, तोही सावलीत वाळवायचा. तुमच्याकडे एवढी झाडं आणि एवढे हात असतील तर शेंगा विका, सोया डीओसी (तेल काढलेली सोयापेंड) विकत आणा. परसातल्या गावरान किंवा गिरिराज पक्ष्यांना शेवगा, अझोला जरूर द्या. तिथे तो शोभतो.

लसूण मधला आहे. भुकटी टनाला तीन ते पाच किलो ठीक. भूक टिकते, आतड्यातले काही जंतू दबतात. पण ओला लसूण वाटून पाण्यात देऊ नका. त्याचा चोथा पक्षी पाणी पितात त्या निपलमध्ये अडकतो आणि पाइपात चिकट थर धरतो, त्यात पुढे ई. कोलाय हा जंतू वाढतो. एका शेडवर मी स्वतः पाइप उघडून पाहिलेत. मालक म्हणत होता, "डॉक्टर, लसणाने जुलाब थांबायच्या ऐवजी वाढले." लसणाचा दोष नव्हता, पाइप नासला होता.

कडुनिंब ब्रॉयलरला मी देत नाही. कडू आहे, पक्षी खाणं-पिणं कमी करतो, आणि ब्रॉयलरमध्ये खाणं कमी झालं की खेळ संपला. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने पिल्लं चौथ्या दिवसाची असताना पानांचा काढा पाण्यात सुरू केला. पोट स्वच्छ होईल, असं घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं. सातव्या दिवशी वजन केलं तर १३० ग्रॅम. चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं पिल्लू सातव्या दिवशी चार ते साडेचार पट व्हायला हवं, म्हणजे १६० ते १९० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात मागे पडलेली बॅच शेवटपर्यंत मागेच राहिली. कडुनिंबाचा पाला शेड रिकामं असताना कोपऱ्यात जाळा, त्याला माझी हरकत नाही.

मेथीचं एका ओळीत सांगतो: दाण्यातला चिकटपणा आतड्यातलं खाद्य घट्ट करतो, त्यामुळे जास्त घातली तर विष्ठा चिकट आणि खाली अंथरलेलं तूस ओलं. आवळा मात्र उन्हाळ्यात उपयोगी आहे. कोंबडी स्वतःचं क जीवनसत्त्व मूत्रपिंडात तयार करते, पण चाळीस अंशांच्या उन्हात ते कमी पडतं. विदर्भात आणि तुमच्याकडे एप्रिल-मे मध्ये आवळा भुकटी किंवा सरळ क जीवनसत्त्व, सोबत इलेक्ट्रोलाइट, आणि दुपारी अकरा ते चार खाद्य वर उचलून ठेवणं. यात सगळ्यांत जास्त वजन वाचवतं ते शेवटचं काम, आणि ते फुकट आहे.

"हर्बल मिथिओनिन" म्हणून जे विकलं जातं, त्याबद्दल मला वेगळं विचारलं नाही तरी सांगतो. मिथिओनिन हे अमिनो आम्ल आहे, मका-सोया खाद्यात नेमकं तेच कमी पडतं. ते ग्रॅमच्या हिशोबात पक्ष्याच्या पोटात जावं लागतं. टनाला किलोभर पाल्याच्या भुकटीत तेवढं मिथिओनिन असूच शकत नाही. छातीचं मांस आणि पिसं दोन्ही मिथिओनिनवर उभी आहेत. कृत्रिम डीएल-मिथिओनिन काढून तिथे पाला घातला तर बचत होते ती खाद्याच्या बिलात, आणि वसूल होते वजनकाट्यावर.

अँटिबायोटिक बंद करण्याचं विचारलंत. वाढीसाठी रोज देत असाल तर आजच थांबवा, त्यासाठी हळद-लसणाची वाट बघायची गरज नाही. पण आजारी बॅचला उपचार म्हणून पशुवैद्यकाने लिहून दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट. सीआरडी (श्वसनाचा जुनाट आजार) किंवा ई. कोलाय भडकल्यावर ओव्याच्या सत्त्वावर विसंबून राहू नका. औषध दिलं तर विक्रीपूर्वीचे बंदीचे दिवस, म्हणजे औषध थांबवल्यावर पक्षी विकायचे नाहीत ते दिवस, पाळा. आणि खाद्यातलं कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे रक्ती हगवण रोखणारं सॅलिनोमायसिन वगैरे, वनस्पती सुरू केली म्हणून काढू नका. रक्ती हगवण लसणाने थांबत नाही. तुमच्या भागात पावसाळ्यात तूस ओलं झालं की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती हमखास डोकं काढते.

लसीच्या दिवसांबद्दल एक. लासोटा (राणीखेतची लस), गंबोरोची लस पाण्यातून देत असाल तर आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात काही म्हणजे काही घालायचं नाही. काढा नाही, लसूण नाही, आम्ल नाही, क्लोरीन नाही. लस जिवंत असते. ती मेली तर हळदीने वाचवलेले पन्नास ग्रॅम एका आठवड्याच्या मरतुकीत जातात. याच कारणाने मी सगळी पूरकं खाद्यातूनच द्यायला सांगतो. मिसळताना टप्प्याने मिसळा: पाचशे ग्रॅम वस्तू आधी पाच किलो मक्याच्या भरड्यात, ती पन्नास किलोत, मग टनात. फावड्याने एकदम टाकली तर निम्म्या पक्ष्यांना दुप्पट आणि निम्म्यांना शून्य मिळतं.

माझं ऐकून किंवा शेजाऱ्याचं ऐकून ठरवू नका. तुमच्याकडे शेड आहे, तिथेच पाहा. शेडच्या मध्ये जाळी बांधा, एकाच हॅचरीची, एकाच दिवसाची पिल्लं दोन्हीकडे सारखी सोडा. खाद्य तेच, एका बाजूला फक्त एकच पूरक जास्त. चार वस्तू एकदम घातल्या तर कुणाचं काय ते कधीच कळणार नाही. दोन्हीकडचं खाद्य वेगळं मोजा, मर वेगळी लिहा. वजनासाठी दहा मोठे पक्षी पकडून आणणं हा आपल्याकडचा आवडता खेळ आहे, तो बंद करा. कोपऱ्यात जाळीने घेरा घालून आत सापडेल तो प्रत्येक पक्षी तोला, दोन्हीकडे किमान शंभर. पस्तिसाव्या दिवशी पक्ष्यापक्ष्यात वजनाचा फरक सरासरीच्या दहा टक्क्यांइतका असतोच. त्यामुळे पन्नास-पन्नास पक्षी तोलले तर ७५ ग्रॅमपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, शंभर-शंभर तोलले तर ५० ते ५५ पर्यंतचा. "चाळीस ग्रॅम वाढले" म्हणून फोन करू नका. पुढच्या बॅचला बाजू बदला, कारण पश्चिमेचं ऊन आणि वारा दोन्ही अर्ध्यांना सारखं लागत नाही. दोन-तीन बॅच एकाच दिशेने फरक दिसला तर तो खरा.

शेवटी दोन्ही बाजूंचा ईपीईएफ, म्हणजे बॅच एकूण कशी झाली ते सांगणारा आकडा, काढा: जगलेल्या पक्ष्यांची टक्केवारी गुणिले किलोतलं सरासरी वजन गुणिले शंभर, भागिले (दिवस गुणिले एफसीआर). ९६ टक्के जगले, २.१ किलो वजन, ३८ दिवस, एफसीआर १.६ असेल तर ३३२ येतो. तुमच्या मागच्या दोन बॅचचे आकडे याच सूत्रात घालून बघा. २८० च्या खाली असाल, तर पूरकाचे पैसे आधी ब्रूडरच्या (पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीच्या) गॅसवर, पाण्याच्या टाकीच्या सफाईवर आणि मका तपासणीवर खर्च करा, तिथे परतावा कितीतरी जास्त आहे. ३३० च्या वर असाल, तर पावसाळ्याच्या बॅचला हळद आणि बाइंडर, आणि वर्षभर चांगल्या थायमॉल-कार्व्हाक्रॉलची एक पिशवी अर्ध्या शेडवर घालून पाहा.

मागच्या दोन बॅचची सातव्या दिवसाची वजनं आणि आता वापरताय त्या मक्याचा ओलावा कळवा, मग प्रमाण नेमकं सांगतो.